जहाज सुटेपर्यंत

हजच्या सफरनाम्यांत मुंबई बहुधा दोन ओळींत उरकते. अमुक तारखेला मुंबईस पोचलो, तमुक तारखेला जहाजावर चढलो, आणि पुढच्याच परिच्छेदात समुद्र सुरू होतो. मधले आठ, पंधरा, कधी वीस-पंचवीस दिवस कुठे गेले, हे लिहिणाऱ्याला सांगावेसे वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही विचारावेसे वाटत नाही. ज्याची ओढ काबागृहाची, तो क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीचे वर्णन कशाला करील? पण इतिहास शिकवताना आम्हाला नेमके तेच दिवस खुणावतात. कारण गाव सोडलेला आणि जहाज न मिळालेला माणूस त्या दिवसांत कुठे राहिला, कुणाच्या पैशाने राहिला, कुणी त्याला लुटले आणि कुणी सांभाळले, यावर आपल्या समाजातील कोण हजला जाऊ शकला आणि कोण मनातच नियत घेऊन गेला, हे पुष्कळ अंशी ठरत आले आहे.

नाशिकच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमचे शहरच यात्रेकरूंच्या मुक्कामावर उभे आहे. पंचवटीतल्या धर्मशाळा, यजमानांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळ्या सांभाळणारे तीर्थोपाध्याय, बारा वर्षांनी भरणारा कुंभ, हे आम्ही दूधबाजारात आणि चौकमंडईत राहून लहानपणापासून पाहिले. यात्रेकरू आला की त्याला पहिला प्रश्न देवाचा पडत नाही, पथारी कुठे टाकायची याचा पडतो. मक्केतला मुअल्लिमही ठरावीक मुलखातल्या हाजींचे नाव-गाव ध्यानात ठेवी आणि त्यांना आपल्याकडे उतरवून घेई. त्याचे आणि गोदाकाठच्या उपाध्यायाचे काम या बाबतीत फारसे निराळे नव्हते. मात्र नाशिकला येणारा यात्रेकरू मुक्कामालाच आलेला असतो. मुंबईला गेलेल्या आमच्या हाजीचा मुक्काम मुंबई नव्हता. तो वाटेत अडकलेला माणूस होता. अशा माणसाची व्यवस्था करणे अधिक अवघड, आणि त्याला फसवणे अधिक सोपे.

नाशिक हे गुलशनाबाद होते त्या काळात दख्खनच्या आणि खानदेशच्या हाजींचे मोठे बंदर मुंबई नव्हे, सुरत. त्याला लोक बाबुल-मक्का, म्हणजे मक्केचे दार, म्हणत. शिडाच्या जहाजांचे गणित वाऱ्यावर चाले. पावसाळा सरला की वारा ईशान्येकडून वाहू लागे; त्या वाऱ्यावर जहाजे तांबड्या समुद्राकडे निघत. मार्चनंतर ती वाट बंद होत जाई. उलट नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास परतीची जहाजे येत. आता इकडे वारा सौर वर्षाप्रमाणे वाहणार आणि हज चांद्र वर्षाप्रमाणे दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणार. दोन्हींचा मेळ एखाद्या साली बसे, एखाद्या साली मुळीच बसत नसे. मग हाजी बंदरावर तरी महिनोन्महिने थांबणार, नाहीतर मक्केत तरी. थांबणे हा प्रवासातला अडथळा नव्हता, प्रवासाचाच भाग होता.

त्यातून राजघराणेही सुटले नाही. बाबराची कन्या गुलबदन बेगम अकबराच्या घराण्यातील स्त्रियांना घेऊन १५७५ च्या ऑक्टोबरात फतेहपूर सीक्रीहून निघाली. जहाज सुटले १५७६ च्या ऑक्टोबरात. समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि त्यांच्या परवान्याशिवाय जहाज सुरक्षित नव्हते. बादशहाच्या आत्याला पूर्ण वर्ष लागले, त्यातला मोठा काळ सुरतेत गेला. तिच्यापाशी निदान तंबू होते, नोकरचाकर होते आणि खजिना होता. खानदेशातल्या एखाद्या विणकराने त्याच वाटेवर काय केले असेल?

त्याच्यासाठी सराई होती. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकतखानाने सुरतेत बांधलेली मुघल सराई आजही उभी आहे आणि तिच्यात सुरत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. ही वास्तू वक्फची की पालिकेची, यावरून अलीकडे वाद झाला. गुजरात वक्फ बोर्डाने २०२१ मध्ये ती वक्फ ठरवली आणि २०२४ मध्ये वक्फ न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द केला. मालकीचा निकाल कायदेपंडितांनी पाहावा. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की मक्केच्या दाराशी दगडी भिंतींचा, कायमचा मुक्काम बांधावा लागला. जिथे माणसे एक-दोन रात्री थांबतात तिथे तंबू पुरतो. सराई बांधावी लागते ती थांबणे लांबते तिथे.

एकोणिसाव्या शतकात दार सुरतेवरून मुंबईला सरकले. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. १८६५ मध्ये कसारा-इगतपुरीचा थळ घाट रेल्वेने ओलांडला आणि नाशिकचा माणूस घाटातली बैलगाडी विसरला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातली बोटींची ये-जा कितीतरी वाढली. १८७७ मध्ये मुंबईत बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी निघाली. हीच पुढे १९३८ मध्ये मुघल लाइन झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक बांधून झाला. शतकाच्या अखेरीस जुन्या नाशिकहून नाशिक रोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्रामही धावू लागली. म्हणजे कागदावर पाहिले तर सकाळी घरून निघालेला हाजी त्याच दिवशी बोरीबंदरला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर असायला हवा होता.

तसे झाले नाही. वारा गेला आणि त्याच्या जागी दलाल आला.

बोट भरली की सुटणार, हा त्या काळचा नियम होता. तारीख जाहीर होई, पुढे ढकलली जाई, पुन्हा जाहीर होई. हाजी मात्र आधीच येऊन बसलेला असे, कारण उशीर झाला तर हज हुकेल ही धास्ती. दलालाची माणसे स्टेशनवरच उभी असत. ती त्याचे सामान उचलत, ओळखीच्या घरात उतरवत, आणि तिकीट काढून देण्याच्या नावाखाली जो कंपनीवाला जास्त दस्तुरी देईल त्याच्या बोटीसाठी त्याला थांबवून ठेवत. बोट जितकी लांबे तितके घरभाडे वाढे, खाण्याचा खर्च वाढे. कमरेची पिशवी हलकी होत जाई. मक्केत उपाशी सापडलेल्या अनेक हिंदी हाजींची हलाखी जिद्दाला सुरू झाली नव्हती. तिची सुरुवात मुंबईच्या भाड्याच्या खोलीतच झाली होती.

सरकारने लक्ष घातले ते काहीसे उशिराच. मुंबईत यात्रेकरूंचा संरक्षक म्हणून अधिकारी नेमला गेला. हे खाते पोलीस कमिशनरच्या देखरेखीखाली चाले. १८८७ मध्ये मुंबई इलाख्यात यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि दलालांना परवान्याची वेसण आली. त्याआधी एक वर्ष, १८८६ मध्ये, सरकारने आणखी एक प्रयोग केला. जगप्रसिद्ध थॉमस कुक कंपनीला हजच्या वाहतुकीचे अधिकृत एजंट नेमले. गावाच्या स्टेशनपासून जिद्दापर्यंत एकत्र तिकीट, आणि रेल्वे व बोट यांच्या वेळा अशा जुळवायच्या की हाजीला मुंबईत फार दिवस काढावेच लागू नयेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती. पण बोटवाले आणि दलाल विरोधात, हाजीला साहेबाच्या कंपनीपेक्षा आपल्या ओळखीच्या माणसाचा भरवसा अधिक, आणि कंपनीला तोटा. सात-आठ वर्षांत तो कारभार आटोपला. इंग्रज इतिहासकार याला फसलेला व्यवहार म्हणतात. आम्ही त्याकडे जरा वेगळे पाहतो. वेळापत्रक जुळवून थांबणे संपवता येईल असे कुक यांना वाटले. थांबणाऱ्याला छप्पर हवे, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये इथून हजला जाणेच बंद करण्यात आले. पुढे बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तपासणी, कपड्यांचे निर्जंतुकीकरण, लशी आणि दाखले हे सगळे मुक्कामाला येऊन चिकटले. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावरचे क्वारंटाइन त्याआधीपासून होतेच.

याच काळात एक वाद वारंवार निघत असे. गरीब मुसलमानाने हजला जाऊच नये, त्याला सरकारने अडवावे काय? परतीचे पैसे नसलेल्या हाजींना परत आणण्याचा भुर्दंड कुणी सोसायचा? अखेर १९२० च्या दशकात परतीचे तिकीट किंवा अनामत सक्तीची झाली. आपल्या उलेमांपुढेही हा प्रश्न नवा नव्हता. हज फर्ज होते ते इस्तितात असलेल्यावर, म्हणजे ज्याच्यापाशी वाटेची शिधा आणि वाहन आहे, आणि मागे राहिलेल्या घरच्यांचा खर्चही आहे, त्याच्यावर. आता विचार करा. तिकिटाचे पैसे जमवलेल्या माणसाला मुंबईत वीस दिवस भाड्याने राहावे लागले, तर त्याची शिधा संपली. ज्याच्यावर हज फर्ज होते त्याची ऐपत बंदरावरच मोडली. उलट त्याला वीस दिवस फुकट छप्पर मिळाले, तर जमवलेले पैसे पुरले. मुक्कामाची जागा ही सोयीची बाब नव्हती, ती इस्तितातीची बाब होती. मुसाफिरखाना बांधणाऱ्यांना हे पुस्तक न उघडताही कळले होते.

मुंबईच्या मुसाफिरखान्यांत सर्वांत जास्त नाव झाले ते साबू सिद्दिक मुसाफिरखान्याचे. मोहम्मद हाजी साबू सिद्दिक हे कच्छी मेमन घराण्यातले, भर तारुण्यात वारलेले. त्यांच्या दौलतीतून मुंबईत आणि बाहेर अनेक संस्था उभ्या राहिल्या. भायखळ्याचे तंत्रशिक्षणाचे विद्यालय तर आपल्या कितीतरी मुलांनी पाहिले आहे. मुसाफिरखाना बांधला गेला कर्नाक रोडवर, म्हणजे आताच्या लोकमान्य टिळक मार्गावर, क्रॉफर्ड मार्केटजवळ. जागा निवडणाऱ्याच्या अकलेची तारीफ करावी तेवढी थोडी. बोरीबंदर स्टेशन पायी पंधरा मिनिटांच्या आत. गोदी दुसऱ्या अंगाला, हातगाडीवर पेट्या टाकून नेता येण्याजोगी. बाजार समोर. जुमा मस्जिद जवळ. परक्या मुलखातल्या, हिंदुस्थानी नीट न येणाऱ्या, कधी ट्राम न पाहिलेल्या माणसाला या तीन-चार ठिकाणांपलीकडे मुंबईशी काही देणेघेणे नव्हते. तो स्टेशनवरून उतरे आणि विचारत विचारत पोचे.

भेंडी बाजार-पायधुणीच्या बाजूला आणखीही मुसाफिरखाने होते; हाजी इस्माईल हाजी हबीब यांच्या नावाचा त्यांतला एक. पण सगळे मुक्काम सगळ्यांना खुले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मेमन, खोजा, बोहरा या व्यापारी जमातींचे आपापले जमातखाने होते आणि तिथे आपल्या माणसाला प्रथम मान. कोकणी मुसलमानांचे तर गावागावांनी मुंबईत खोल्या घेतलेल्या. डोंगरी-माझगाव भागात गावच्या जमातीची एक खोली असे. बोटीवर नोकरीला गेलेला खलाशी परतला की तिथे उतरे, आणि गावातला हाजीही तिथेच. गंमत अशी की ज्या बोटीने तो हजला जाई तिच्यावर त्याच्याच भागातला कुणी खलाशी असण्याचा संभव. देशावरच्या आम्हा लोकांची गोष्ट निराळी. नाशिक, येवला, सिन्नर, निफाड इकडच्या पिंजारी, बागवान, आतार, मुलाणी मंडळींची मुंबईत ना जमातखाना ना गावची खोली. त्यांना सार्वजनिक मुसाफिरखाना हाच आधार.

मालेगावकरांना मात्र तिसरा पर्याय होता. १८५७ नंतर उत्तरेकडून निघालेल्या विणकरांपैकी काही मालेगावात थांबले, काही भिवंडीत आणि काही मुंबईच्या मदनपुऱ्यात. त्यामुळे मदनपुऱ्यात कुणी ना कुणी नातलग निघेच. मग घरात खल चाले: मुसाफिरखान्यात उतरायचे की चुलत्याकडे? चुलत्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आधीच आठ माणसे, पाणी ठरावीक वेळी, संडास मजल्याला एक. पण चुलता रागावेल. "हमारे होते हुए मुसाफिरखाने में?" हा टोमणा जन्मभर पुरतो. शेवटी बहुतेक वेळा अशी तडजोड निघे की पुरुषांनी पथारी मुसाफिरखान्यात टाकायची, बायकांनी नातलगांकडे झोपायचे आणि जेवण डब्यातून यायचे. पैसेवाला हाजी हॉटेलात उतरे. त्याचे उदाहरण कुणी देत नसे.

येथे जरा आडवाट घेतो, पण ती नाशिक जिल्ह्यातूनच जाते. १९३७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीने 'अल-हिंद' आणि 'अल-मदिना' या बोटी हजच्या वाहतुकीत उतरवल्या. मुघल लाइनचा कारभार तेव्हा टर्नर मॉरिसन या इंग्रज कंपनीकडे. दोघांत भाड्याचे युद्ध पेटले आणि हाजीला काही काळ तिकीट स्वस्त मिळाले. हे तेच वालचंद, ज्यांचा साखर कारखाना मालेगाव तालुक्यात रावळगावला उभा राहिला आणि ज्याच्या गोळ्या आम्ही सगळ्यांनी चघळल्या आहेत. सोलापूरच्या जैन घराण्यातल्या उद्योगपतीने इंग्रजांशी स्पर्धा करायची म्हणून हजची बोट काढावी, हा आपल्या इतिहासातला एक मौजेचा धागा आहे. दोन्ही बोटी युद्धात गेल्या. 'अल-मदिना' १९४४ च्या मार्चमध्ये पाणतीराने बुडाली. 'अल-हिंद' त्याच सालच्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीतील महास्फोटात जळाली.

तोवर व्यवस्थेचे स्वरूपही बदलत होते. क्लेटन यांच्या अध्यक्षतेखालील हज चौकशी समितीने १९३० मध्ये अहवाल दिला, आणि १९३२ च्या कायद्याने मुंबई, कराची व कलकत्ता बंदरांवर हज समित्या आल्या. देश स्वतंत्र झाला, कराची पाकिस्तानात गेले, आणि पंजाब-दिल्ली-उत्तर प्रदेशचा जो हाजी पूर्वी कराचीकडे वळत असे तोही मुंबईला येऊ लागला. मुसाफिरखान्याच्या भिंती तेवढ्याच राहिल्या, माणसे वाढली. १९५९ च्या कायद्याने हज कमिटी स्थापन झाली. तिचे कार्यालय वर्षानुवर्षे साबू सिद्दिक मुसाफिरखान्यातच होते, त्यामुळे मुक्काम आणि सरकारी काम एकाच छपराखाली आले. पिलग्रिम पास, लशींचे दाखले, बोटीतली जागा, हरवलेला कागद, चुकलेले नाव, सगळ्यासाठी एकाच इमारतीत हेलपाटे.

त्याच १९५९ सालची आणखी एक गोष्ट नाशिककरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. हाजींसाठी रिझर्व्ह बँकेने दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. रंग नेहमीच्या नोटांहून वेगळा, क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे. या नोटा सौदी अरबस्तानात बदलून घेण्यासाठी होत्या. इथल्या बाजारात त्या चालत नसत. देशातल्या नोटा तेव्हा छापल्या जात त्या एकाच ठिकाणी, १९२८ पासून चालू असलेल्या नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये. म्हणजे आमच्या गावात छापलेली नोट मुंबईमार्गे हाजीच्या कमरेला बांधून जिद्दाला जात होती. १९७० च्या दशकात ही पद्धत संपली. आज एखादी हज नोट जुन्या नाण्यांच्या बाजारात आली तर तिला मोठी किंमत येते; ती वापरणाऱ्या हाजीची आठवण मात्र कुणी विकत घेत नाही.

ही आठवण गोळा करावी म्हणून आम्ही वर्गातल्या मुलांना घरातल्या, मोहल्ल्यातल्या जुन्या हाजींना विचारून यायला सांगितले. बोटीने गेलेली माणसे आता थोडीच उरली. पहिल्या खेपेस मुलांनी आणले ते सगळे मक्का-मदिनेचे. दुसऱ्या खेपेस, फक्त मुंबईचे विचारा, असे बजावून पाठवले तेव्हा एका हाजियाणी दादींनी नातवाला सांगितले, "मक्का-मदीना सब पूछतेय रे, बम्बई के पंद्रा दिन आज तलक कोई नै पूछा." आणि मग त्या तासभर बोलल्या. पत्र्याची पेटी, तिच्यावर रंगवलेले नाव आणि गाव. स्टोव्ह, तांदूळ, भाजलेले पीठ, लोणच्याची बरणी. मुसाफिरखान्याच्या चौकात बांधलेल्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या लुंग्या. शेजारच्या पथारीवर आसामची बाई, पलीकडे केरळची. भाषा कुणाची कुणाला कळेना, पण मीठ मागितलेले कळे. सुई टोचल्यावर चढलेला ताप. रोज असरनंतर एक मौलवीसाहेब येऊन हजचे मनासिक समजावून सांगत. तवाफ कसा करायचा हे पुरुषांना खडूने जमिनीवर वर्तुळ काढून दाखवले, आणि बायकांनी ते जाळीआडून पाहून आपसांत पाठ केले.

दादींच्या या बोलण्यात आम्हाला पुष्कळ काही दिसते. आपल्या घराबाहेर पंधरा दिवस, दूरदूरच्या प्रांतांतल्या बायकांच्या सोबतीने राहणे, हे त्यांच्या आयुष्यात त्याआधी घडले नव्हते. हज म्हणजे जगभरच्या मुसलमानांचा मेळावा, हे आपण व्याख्यानांत ऐकतो. नाशिकच्या बाईला तो मेळावा प्रथम भेटला तो कर्नाक रोडवर. अरफातच्या मैदानात शेवटी सारे आपापल्या मुअल्लिमाच्या तंबूत. मुसाफिरखान्यात आसाम आणि केरळ यांच्यामध्ये फक्त एक सतरंजी होती.

अर्थात सगळेच गोड नव्हते, आणि मुसाफिरखान्याची नुसती आरती करणे आम्हाला मान्य नाही. ढेकूण होते, नळावर भांडणे होती, चोऱ्या होत्या. एका हाजीला निरोप द्यायला दहा माणसे येत आणि तीही तिथेच पसरत. इमारत भरली की उरलेल्यांनी फुटपाथ धरायचा. ओळखदेख असलेल्याला खोली, नसलेल्याला जिना, हा न्याय तिथेही चाले. आजारी पडलेला म्हातारा कधी कधी जहाजावर चढतच नसे. अशा माणसाचा दफनविधी मुंबईत होई आणि गावाला तार जाई. गावात त्याला लोक हाजीच म्हणत. याबाबत कुणी फतवा विचारायला गेल्याचे ऐकिवात नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगून होतो. 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी' या बोटी गेल्या, १९७१ ची 'अकबर' आली, 'नूरजहाँ' आली. बोटीचा प्रवास आठवड्याभरावर आला. १९७५ मध्ये पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि नाशिकचे नातलग सकाळी जाऊन, हाजीला भेटून रात्री परतू लागले. विमाने वाढली. १९८६ मध्ये मुघल लाइन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९९५ पासून हजची जहाजे बंद झाली. मुंबईत स्टेशनच्या अगदी जवळ, पलटण रोडवर, हज हाऊसची उंच इमारत उभी राहिली आणि हज कमिटी तिथे गेली. लिफ्ट आहे, पंखे आहेत, स्वच्छता आहे. आजचा नाशिकचा हाजी तिथे एखाद-दुसरी रात्र काढतो, कागद घेतो आणि बसने विमानतळावर जातो. फसवणारा दलाल तिथे दाराशी उभा नसतो. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मिळवायला शंभर वर्षे लागली.

२०१८ च्या जानेवारीत समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्यास सौदी सरकारची संमती मिळाल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. त्यानंतर हजचे जहाज काही निघाले नाही. बॅलार्ड पिअरला मात्र २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तिथून सहलीची जहाजे गोव्याला, लक्षद्वीपला जातात. आमच्याच शहरातली काही कुटुंबे जाऊन आली. निघण्यापूर्वी त्यांच्यातही चर्चा झाली की आदल्या रात्री फोर्टमध्ये उतरावे की मोहम्मद अली रोडला, बंदर जवळ कुठून, टॅक्सी किती घेईल. भूगोल तोच आहे. स्टेशन, बाजार, गोदी, सगळे जागच्या जागी. फक्त आता चुकलेल्या रात्रीची किंमत हॉटेलच्या बिलाएवढीच असते.

दादींच्या बोलण्यातली एक गोष्ट लिहायची राहिली. बोटीच्या काळी मुंबईत एहराम बांधण्याची गरज नव्हती. हाजी आपल्या रोजच्या कपड्यांत मुसाफिरखान्यातून निघे, रोजच्या कपड्यांत जहाजावर चढे, आणि आठवडाभर समुद्र पाहून झाल्यावर यलमलमच्या समोर पाणी आले की भोंगा वाजे. मग डेकवर एकच धांदल. आंघोळी, नफल नमाज, एका बोटीवर हजार-दीड हजार माणसे आणि लब्बैकचा घोष. आता विमान मीकातवरून काही मिनिटांत जाते, म्हणून ज्यांची पहिली उड्डाणे जिद्दाची असतात ते हज हाऊसमध्ये किंवा विमानतळावरच एहराम बांधतात. पूर्वी तिथे थांबलेला माणूस मुसाफिर असे, आज तो तिथूनच मुहरिम होऊन बाहेर पडतो. दादींना नातवाने हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग पंधरा दिवसांच्या पिठाचं काय करतात?"